ऑपरेशनसाठी वजन दोन किलो कमी पडते?

‘डॉक्टर, ऑपरेशनला माझं वजन दोन किलो कमी पडतंय म्हणे. महिनाभर भात-साखर वाढवून ते भरून काढू का?’

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची मोठ्या शहरात चौकशी करून आलेली माणसे हा प्रश्न हल्ली विचारतात. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण विचारणारा अगदी गंभीर असतो. डाएट, चालणे, काढे, पावडरी, पोटाला बांधायचे पट्टे असे सगळे करून तो थकलेला असतो. गुडघे जिना चढू देत नाहीत, साखर दोन-दोन गोळ्यांना दाद देत नाही. अशा वेळी कोणीतरी तक्त्यावर बोट ठेवून सांगते की तुम्ही रेषेच्या थोडे अलीकडेच आहात. मग ‘रेषा तेवढी ओलांडली की झाले’ असे वाटणे साहजिक आहे.

उत्तर आधीच देऊन टाकतो. वजन वाढवू नये, एक किलोही नाही. रेषेजवळच्या माणसाचा निर्णय खरे म्हणजे काट्यावर होतच नाही. लठ्ठपणाने त्याच्या शरीरात आतापर्यंत काय काय बिघडवले आहे, यावर तो व्हायला हवा. आणि बरेच वेळा हे बिघाड कोणी शोधलेलेच नसतात.

रेषा आली कोठून?

या शस्त्रक्रियांना बॅरिएट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात. आज मुख्यतः दोन प्रकार केले जातात. स्लीव्ह या प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते चार पंचमांश भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी शिल्लक ठेवतात. बायपासमध्ये जठराचा वरचा छोटा कप्पा वेगळा करून तो पुढच्या लहान आतड्याला जोडतात, म्हणजे अन्न वाटेतला काही भाग टाळून जाते. दोन्ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होतात. त्यांचा परिणाम केवळ ‘पोट लहान झाले म्हणून कमी जेवले’ एवढाच नाही. भूक लावणारी आणि साखरेवर ताबा ठेवणारी आतड्यातील संप्रेरके बदलतात, आणि म्हणूनच पुष्कळ रुग्णांची साखर वजन उतरण्याच्या आधीच खाली येऊ लागते.

शस्त्रक्रिया कोणावर करावी हे ठरवण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९१ साली तज्ज्ञांची परिषद भरवली. तिने दोन आकडे दिले. बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करावा; ३५ ते ४० मध्ये असेल तर मधुमेहासारखा गंभीर आजार सोबत असावा. त्या वेळी ही शस्त्रक्रिया पोट उघडून होत असे. म्हणजे तराजूच्या एका पारड्यात मोठी जखम, भूल, जंतुसंसर्ग यांचा धोका आणि दुसऱ्या पारड्यात लठ्ठपणाचा धोका. ज्या वजनाला दुसरे पारडे जड होते असे त्या मंडळींना वाटले, तेथे त्यांनी रेघ ओढली. पुढे दुर्बीण आली, भूलशास्त्र सुधारले, पहिले पारडे हलके झाले. रेघ मात्र बरीच वर्षे तेथेच राहिली.

बीएमआय म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. हे गणित बेल्जियमच्या केटले या गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात मांडले. तो खगोलशास्त्राचाही अभ्यासक होता, वैद्य नव्हता. ‘सरासरी माणूस’ कसा असतो हे त्याला पाहायचे होते. या गणिताला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव अमेरिकन शास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांनी १९७२ मध्ये दिले. हजारो लोकांची तुलना करायला हे माप उत्तम आहे. एका माणसाच्या पोटात चरबी किती आहे हे मात्र ते सांगत नाही.

आणि नेमकी येथेच आपली, भारतीयांची, अडचण सुरू होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले होते. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाली. काट्यावर दोघे सारखे, आतून दुपटीपेक्षा जास्त फरक! हातपाय बारीक, पोट पुढे आणि साखर वाढलेली, असा आपल्याकडचा नेहमीचा नमुना यातून समजतो. आपल्याला मधुमेह आणि हृदयविकार गोऱ्या लोकांपेक्षा कमी वजनाला आणि कमी वयात गाठतात.

म्हणून आशियाई लोकांसाठी रेषा खाली आणली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये आशियाई लोकसंख्येसाठी २३, २७.५, ३२.५ आणि ३७.५ हे टप्पे सुचवले. त्यावरून आपल्याकडे अनेक वर्षे असा हिशेब धरला गेला: सोबत आजार असेल तर ३२.५ आणि कोणताही आजार नसला तरी ३७.५. मधुमेह आणि शस्त्रक्रिया या विषयावर २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय निवेदन निघाले. औषधांनी साखर ताब्यात येत नसेल तर आशियाई रुग्णात २७.५ पासूनही शस्त्रक्रियेचा विचार करता येईल, असे त्यात म्हटले होते. २०२२ मध्ये बॅरिएट्रिक सर्जनांच्या अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी १९९१ चे आकडे अधिकृतपणे मागे टाकले. सर्वसाधारण रेषा ३५ वर आणली, मग आजार असो वा नसो. ३० ते ३५ मध्ये चयापचयाचा आजार असल्यास विचार करावा असे सांगितले. आणि आशियाई लोकांना २७.५ पासून हा पर्याय देण्यास हरकत नाही असे म्हटले.

वाचकांच्या लक्षात आले असेल की ‘रेषा’ एक नाही. एक सर्जन ३२.५ धरतो, दुसरा मधुमेह पाहून ३० लाही तयार होतो, तिसरा जुन्याच आकड्यांवर असतो. त्यामुळे एका ठिकाणी ‘बसत नाही’ असे सांगितले तर ते आकाशवाणी समजू नये. पण कोणी ‘बसते, उद्याच दाखल व्हा’ म्हणाले तर तीही आकाशवाणी नव्हे.

अंबाडा, पाटल्या आणि दशांश चिन्ह

रेषेजवळ असताना माप घेण्यातली छोटी चूकसुद्धा माणसाला इकडून तिकडे ढकलते. समजा एका बाईंची उंची १५२ सेंटिमीटर आणि वजन ७४ किलो आहे. बीएमआय आला ३२.०, म्हणजे ३२.५ च्या आत. आता त्यांची उंची घाईत १५० धरली तर बीएमआय होतो ३२.९ आणि बाई रेषेपलीकडे जातात. किंवा उंची बरोबर घेतली, पण जेवण करून, जरीच्या साडीत, पाटल्या-बांगड्या आणि पर्ससकट त्या काट्यावर उभ्या राहिल्या. सव्वा किलो तेवढ्याने सहज वाढते. तरीही बीएमआय ३२.५ च्या वर! बाई त्याच, त्यांचे यकृत आणि गुडघेही तेच.

म्हणून उंची भिंतीला टाचा, पाठ आणि डोके टेकवून, चपला काढून मोजावी. अंबाडा घातलेला असेल तर तो सोडावा. अंबाड्यावर पट्टी ठेवून घेतलेली उंची मी अनेक केसपेपरांवर पाहिली आहे. वजन सकाळी, लघवी-शौच उरकून, उपाशीपोटी, हलक्या कपड्यांत आणि दर वेळी एकाच इलेक्ट्रॉनिक काट्यावर करावे. किराणा दुकानाबाहेरच्या, रुपया टाकून चिठ्ठी देणाऱ्या काट्याची चिठ्ठी भविष्य वाचायला ठीक आहे.

उंचीबाबत आणखी एक. कागदोपत्री लिहिलेली उंची बहुधा तरुणपणातली असते. पन्नाशी-साठीनंतर मणके दबून उंची दोन-चार सेंटिमीटरने घटू शकते, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांची. ७२ किलो वजनाला १५५ सेंटिमीटरने बीएमआय ३० येतो आणि १५१ ने ३१.६. चरबी तसूभरही न वाढता आकडा दीडने वर गेला. अशा बाईंना शस्त्रक्रियेआधी हाडांची तपासणी हवी, कारण या शस्त्रक्रियांनंतर हाडे आणखी ठिसूळ होऊ शकतात.

उलटेही होते. १७० सेंटिमीटर उंचीच्या, ९५ किलोच्या पहिलवानाचा बीएमआय ३२.९ येतो. तो लठ्ठ नाही, ते स्नायू आहेत. हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताच्या आजाराने अंगात वा पोटात पाणी साठले की वजन वाढते, तेही चरबीचे नसते. पायावर बोट दाबून खड्डा पडतो का हे पाहायला फार तर अर्धा मिनिट लागतो, तेवढे कोणत्याही डॉक्टरने करावे. आणि सोबत कंबर मोजावी. भारतीय पुरुषात ९० सेंटिमीटर आणि स्त्रीत ८० सेंटिमीटरच्या पुढे कंबर गेली की पोटातली चरबी धोक्याची समजतात. बीएमआय रेषेच्या आत आणि कंबर ११० असेल, तर त्या माणसाबद्दल कंबर जास्त खरे बोलते.

निर्णय आजारांवर होतो

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ३२ बीएमआय असलेली दोन माणसे घ्या. एकाला काहीच आजार नाही, त्याला बारीक दिसायचे आहे. दुसऱ्याला चार वर्षांचा मधुमेह आहे, तीन औषधे घेऊनही तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी चाचणी ९ च्या खाली येत नाही, रक्तदाब आहे आणि रात्री झोपेत श्वास अडकतो. आकडा एकच. पहिल्याने शस्त्रक्रियेचा विचारही करू नये, दुसऱ्याने तो गांभीर्याने करावा.

याला पुरावा आहे. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये १५० मधुमेही रुग्णांवर एक प्रसिद्ध अभ्यास झाला. त्यात २७ पासून ४३ पर्यंत बीएमआय असलेले रुग्ण घेतले होते, म्हणजे जुन्या रेषेच्या बरेच आतलेही. पाच वर्षांचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. एचबीएवनसी ६ किंवा त्याखाली आणणे हे उद्दिष्ट बायपास झालेल्यांपैकी २९ टक्क्यांनी, स्लीव्ह झालेल्यांपैकी २३ टक्क्यांनी आणि फक्त औषधांवर असलेल्यांपैकी ५ टक्क्यांनी गाठले. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावेत. शस्त्रक्रिया औषधांपेक्षा सरस ठरली, हे खरे. पण ‘ऑपरेशन केले की शुगर गायब’ अशी जी जाहिरात होते, तसे पाच वर्षांनंतर चारांत तिघांच्या बाबतीत झाले नव्हते. त्यांची साखर सुधारली, औषधे कमी झाली, पण मधुमेह पूर्ण हटला नाही. मधुमेह नवा असताना, स्वादुपिंडात इन्सुलिन शिल्लक असताना फायदा जास्त होतो. पंधरा-वीस वर्षे इन्सुलिन टोचणाऱ्याने तेवढी अपेक्षा ठेवू नये.

रेषेजवळच्या माणसाने म्हणून आधी आपले लपलेले आजार शोधून घ्यावेत. घोरण्याकडे आपण विनोद म्हणून पाहतो. मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबून दचकून जागे होणे, सकाळी डोके दुखणे, दिवसा एसटीत किंवा दुकानाच्या गल्ल्यावर बसल्या बसल्या झोप लागणे, ही स्लीप ॲप्नियाची लक्षणे असू शकतात. यात रात्रभर शरीराला प्राणवायू कमी पडतो, रक्तदाब वाढतो आणि गाडी चालवताना डुलकी लागून जीवही जातो. याची माहिती रुग्णापेक्षा त्याच्या बायकोला असते. म्हणून अशा रुग्णाला मी ‘पुढच्या वेळी वहिनींना घेऊन या’ असे सांगतो. झोपेची चाचणी करून हा आजार तीव्र निघाला तर शस्त्रक्रियेच्या निर्णयाचे सारे गणितच बदलते. श्वासाचे यंत्र मात्र लगेच सुरू करावे लागते, शस्त्रक्रियेची वाट पाहत बसायचे नसते.

तसेच यकृताचे. सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ लिहून येते आणि कागद कपाटात जातो. ते नुसते चरबीचे आहे की यकृत कडक होऊ लागले आहे, हे पाहायला हवे. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, गुडघ्यांची झीज, मुलींमध्ये पाळीची अनियमितता आणि मूल न होणे, या सगळ्यांची एकदा कागदावर नोंद व्हावी.

आणि वजन वाढण्याचे दुसरे कारण नाही ना, हेही. थायरॉइड तपासणे सोपे आहे. स्टेरॉइडबद्दल मात्र कोणी विचारत नाही. सांधेदुखी, दमा यांवर कोठल्यातरी गावाहून आणलेल्या बिननावाच्या पुड्या आणि गोळ्या वर्षानुवर्षे घेणारी माणसे आपल्या भागात आहेत. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते. चेहरा गोल होतो, पोट सुटते, हातपाय बारीक होतात, साखर वाढते. अशा माणसाला सर्जनची गरज नाही. त्या पुड्या डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू बंद करण्याची गरज आहे. (एकदम बंद करू नयेत, तेही जिवावर बेतू शकते.)

वजन का वाढवायचे नाही

मुद्दाम वाढवलेले दोन-चार किलो पहिल्यांदा पोटात आणि यकृतात जातात. यकृताचा डावा भाग जठरावर पालथा असतो. तो चरबीने फुगला तर दुर्बिणीतून जठरापर्यंत पोचणे सर्जनला अवघड होते. म्हणून बहुतेक इस्पितळांत शस्त्रक्रियेपूर्वी दोन आठवडे कमी उष्मांकाचा आहार देतात; त्याने यकृत आक्रसते. म्हणजे तुम्ही जे महिनाभर खाऊन वाढवाल ते सर्जन पंधरा दिवसांत उतरवायला सांगणार. मधल्या काळात साखर वाढेल, आणि वाढलेल्या साखरेत जखमा नीट भरत नाहीत. काट्यावर उभे राहताना खिशात काही ठेवण्याची युक्ती तर अगदीच वाईट. भुलीच्या आणि इतर काही औषधांचे प्रमाण वजनावर ठरते.

दुसरी भीती याच्या उलटी असते. ‘आहार पाळला, पाच किलो उतरले, आता मी रेषेच्या आत आलो, म्हणजे नापास!’ असे वाटून माणसे पथ्य सोडतात. तसे नाही. युरोपातील तज्ज्ञांच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिले आहे की आजचा किंवा पूर्वीचा सर्वाधिक बीएमआय, दोहोंपैकी कोणताही धरता येतो. आणि शस्त्रक्रियेच्या तयारीत वजन उतरले म्हणून माणूस अपात्र ठरत नाही. जो उतरवतो आणि पुन्हा चढतो, पुन्हा उतरवतो आणि पुन्हा चढतो, तोही या सूचनांनुसार पात्र असू शकतो. मात्र जुने वजन सिद्ध करायला कागद लागतो. तेव्हा दर भेटीला डॉक्टरकडून वजन, उंची, रक्तदाब तारखेसह लिहून घ्यावे आणि त्या चिठ्ठ्या जपाव्यात.

विमा कंपनीची रेषा वेगळी

हे बहुतेकांना शेवटी कळते, दाखल होण्याच्या आदल्या दिवशी. डॉक्टरची रेषा आणि विमा कंपनीची रेषा एक नाही. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली पॉलिसींसाठी जी शब्दयोजना ठरवून दिली तीत जुने पाश्चात्त्य आकडेच आहेत. वय १८ पूर्ण, डॉक्टरचा सल्ला आणि बीएमआय ४० किंवा जास्त. किंवा ३५ पेक्षा कमी नाही आणि त्यासोबत चारपैकी एक गंभीर आजार: लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूंचा आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्लीप ॲप्निया, किंवा ताब्यात न येणारा टाइप टू मधुमेह. शिवाय इतर साधे उपाय करून ते फसलेले असावेत. या यादीत गुडघेदुखी नाही, फॅटी लिव्हर नाही.

आपल्या १५२ सेंटिमीटर उंचीच्या बाईंचाच हिशेब करा. ३२.५ ची वैद्यकीय रेषा त्यांना ७५ किलोला लागते. विम्याची ३५ ची रेषा लागते ८१ किलोला, आणि ४० ची ९२ किलोच्या पुढे. ७५ आणि ८१ च्या मध्ये असलेल्या माणसाला शस्त्रक्रिया योग्य असू शकते, पण पैसे स्वतःचे घालावे लागतात. वजन वाढवण्याचा मोह सर्वांत जास्त होतो तो याच पट्ट्यात. सहा किलो वाढवून साखर आणि श्वास यांची वाट लावायची आणि त्याच बिघाडावर उपचारासाठी पैसे मागायचे, हा व्यवहार तोट्याचा आहे. त्यापेक्षा पॉलिसी नीट वाचावी, कारण सर्वच कंपन्यांच्या अटी-शर्ती आणि थांबण्याचा काळ सारखा नसतो. आधीचा मधुमेह पॉलिसी घेताना लपवू नये. दावा तेथेच अडकतो. झोपेच्या चाचणीचा अहवाल, एचबीएवनसीचे एकामागोमाग एक रिपोर्ट आणि आहार-औषधांच्या नोंदी जोडून लेखी पूर्वमंजुरी घ्यावी, मगच तारीख ठरवावी.

रेषेच्या आत राहिलात तर

मग काही मार्ग बंद झाले असे नाही. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड ही आठवड्यातून एकदा टोचायची औषधे वजनासाठी २०२५ मध्ये भारतात बाजारात आली. चाचण्यांत पूर्ण मात्रेने, सव्वा ते दीड वर्षात, पहिल्याने सरासरी सुमारे १५ टक्के आणि दुसऱ्याने सुमारे २० टक्के वजन उतरल्याचे दिसले. शस्त्रक्रियेने पहिल्या एक-दोन वर्षांत साधारण २५ ते ३० टक्के उतरते. रेषेजवळच्या माणसाला उतरवायचेच कमी असते, त्यामुळे औषध आधी वापरून पाहणे पुष्कळांच्या बाबतीत शहाणपणाचे. मात्र औषध थांबवले की बहुतेकांचे वजन परतू लागते, मळमळ आणि बद्धकोष्ठ होते, आणि मेडिकलच्या दुकानातून परस्पर आणून टोचण्याची ही वस्तू नव्हे.

रेषेच्या किंचित पलीकडे असलात म्हणजे शस्त्रक्रिया केलीच पाहिजे असेही नाही. पात्रता केवळ वजनाची नसते. अनुभवी हातांत ही शस्त्रक्रिया आज बरीच सुरक्षित आहे, पण जोडलेल्या जागेतून गळती, रक्तस्राव, पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे हे धोके आहेतच. सिगारेट, तंबाखू, मशेरी आधीच सोडावी लागते. दारूचे व्यसन असेल तर त्यावर उपचार आधी. बायपासनंतर दारू पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढते. उपचार न घेतलेला तीव्र मानसिक आजार असेल तर तो आधी. लग्न ठरलेल्या मुलीने आणि तिच्या सासरच्यांनी हे माहीत करून घ्यावे की शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने दिवस जाऊ द्यायचे नसतात.

आणि जेवणाचे काय? सुरुवातीला वाटीभर अन्नावर पोट भरते. त्या वाटीत आधी प्रथिने बसवावी लागतात: मूग, पिठले, दही, पनीर, सोयाबीन, अंडे, मासे. आपल्या शाकाहारी ताटात भाकरी आणि भात जागा अडवतात, त्यामुळे ही कसरत शाकाहारी माणसाला जास्त जड जाते. पाणी जेवणाबरोबर प्यायचे नाही, वेगळ्या वेळी घोट घोट. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि रक्ततपासणी जन्मभर. दर चतुर्थी-एकादशीला साबुदाणा आणि बटाटा खाऊन राहणाऱ्याने हे नेमके कसे निभावणार, ते शस्त्रक्रियेआधी आहारतज्ज्ञाशी बोलून घ्यावे. सहा महिन्यांनी औषधांचा कंटाळा येणारा माणूस ४० बीएमआय असूनही या शस्त्रक्रियेला योग्य नाही असे माझे मत आहे.

शेवटी आपल्यासारख्या गावात राहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. शस्त्रक्रिया शंभर-दोनशे किलोमीटर लांब होते, पण ताप, पोटदुखी, उलट्या होतात त्या येथे, आणि रात्री. पहिल्या महिन्यात पोटदुखीसोबत ताप आला किंवा नाडी जोरात धावू लागली तर ‘गॅस असेल’ म्हणून सकाळची वाट पाहू नये. सर्जनला त्याच वेळी फोन करावा. उलट्या बरेच दिवस चालू असतील तर शरीरातील बी-१ जीवनसत्त्व संपते. अशा रुग्णाला ते न देता नुसती ग्लुकोजची बाटली लावली तर मेंदूला इजा होऊ शकते. तेव्हा सलाईन लावून घेण्यापूर्वी ‘माझे जठराचे ऑपरेशन झाले आहे, आधी बी-१ द्या’ असे सांगावे. तसेच अंगदुखीच्या नेहमीच्या गोळ्या आणि इंजेक्शने, विशेषतः बायपासनंतर, घेऊ नयेत. जोडलेल्या जागी व्रण होऊन रक्त जाते. डिस्चार्ज कार्डावर शस्त्रक्रियेचा प्रकार, तारीख आणि सर्जनचा फोन मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावा, त्याची एक प्रत पाकिटात आणि एक घरच्यांजवळ ठेवावी, आणि दाताच्या डॉक्टरपासून ते कंपाउंडरपर्यंत जो कोणी औषध देईल त्याला ती आधी दाखवावी.